पेशीची प्रतवारी : मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा एक वाचन-इतिहास

मराठीत ‘प्रत’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. हस्तलिखिताची प्रत असते आणि कापसाचीही प्रत असते. पहिल्या अर्थात मूळ संहितेशी असलेले नाते अभिप्रेत आहे, तर दुसऱ्यात मालाचा कस. साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांना पहिला अर्थ जवळचा. बाजार समितीच्या आवारात वावरणाऱ्यांना दुसरा. वैद्यकाच्या इतिहासात मात्र असा एक प्रांत आहे, जिथे हे दोन्ही अर्थ एकाच काचपट्टीवर एकत्र येतात आणि दीडशे वर्षे एकमेकांत गुंतत राहतात. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे विकृतिशास्त्र हा तो प्रांत होय. गाठीतील पेशी ही कोणत्या मूळ पेशीची बिघडलेली प्रत आहे, हा एक प्रश्न. आणि ती कोणत्या प्रतीची, म्हणजे किती घातक आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न कुळाचा आहे, दुसरा स्वभावाचा.

आम्ही वैद्यकाचे नव्हे, साहित्याचे अध्यापक आहोत. तरीही या इतिहासाकडे वळावेसे वाटले, कारण तो मुळात वाचनाचा इतिहास आहे. दिसणाऱ्या रूपावरून न दिसणाऱ्या अर्थाकडे कसे जावे, दोन वाचकांचे एकमत का होत नाही, आणि अर्थाची ‘वस्तुनिष्ठ’ खूण सापडली म्हणजे वाचकाची गरज संपते का, हे प्रश्न आपल्या वर्गात रोज उभे राहतात. तेच प्रश्न तिथे माणसाच्या आयुष्याशी बांधलेले आहेत. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे: डोळ्याने पेशीचे कुळ ओळखू पाहिले तेव्हा तो दीर्घकाळ चकला, त्याने स्वभाव ओळखू पाहिला तेव्हा तो पुष्कळसा बरोबर ठरला. पुढे प्रथिनांच्या खुणा हाती आल्या. त्यांनी कुळ नेमके सांगितले; स्वभाव सांगताना मात्र त्या अडखळल्या. हा उलटा न्याय समजून घेणे हेच या लेखाचे प्रयोजन आहे.

१. ‘तथाकथित’ गाठी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सूक्ष्मदर्शक हे युरोपातील विकृतिशास्त्राचे मुख्य साधन झाले होते. फ्रान्समध्ये रोबँ याने १८५५ मध्ये मूत्रपिंडातील घन गाठींची तपासणी करून निष्कर्ष काढला, की त्या मूत्रपिंडाच्याच सूक्ष्म नलिकांच्या अस्तरातून उगवतात. जर्मनीत विल्हेल्म वाल्डेयर याने १८६७ मध्ये त्याला दुजोरा दिला. हा वाल्डेयर म्हणजे पुढे १८८८ मध्ये ‘क्रोमोसोम’ आणि १८९१ मध्ये ‘न्यूरॉन’ हे शब्द रूढ करणारा नामकरणपटू. कुळाचा प्रश्न इथेच सुटला होता असे आज म्हणता येईल.

पण तो सुटलेला राहिला नाही. १८८३ मध्ये पॉल ग्राविट्झ याचा एक निबंध प्रसिद्ध झाला. ‘मूत्रपिंडातील तथाकथित लिपोमा’ असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो. लिपोमा म्हणजे चरबीची साधी गाठ. मूत्रपिंडाच्या आवरणाखाली सापडणाऱ्या लहान पिवळसर गाठींना तोवर लिपोमा म्हटले जाई. ग्राविट्झने त्या नावाआधी ‘तथाकथित’ हे विशेषण लावून प्रचलित वाचनावर आक्षेप घेतला. या गाठी चरबीच्या नाहीत हे त्याचे म्हणणे योग्यच होते. मग त्या कशाच्या? मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्या बाह्य भागातील पेशीही अशाच मेदाने भरलेल्या, फिकट आणि ओळीने मांडलेल्या दिसतात. शिवाय गर्भावस्थेत या ग्रंथीचे लहानसे तुकडे मूत्रपिंडाच्या आवरणाखाली अडकून राहतात, हेही खरे. तेव्हा या गाठी अशा वाट चुकलेल्या तुकड्यांतून निर्माण होतात, असे ग्राविट्झने मांडले.

हा तर्क वेडगळ नव्हता. रंग जुळत होता, पेशींचा चेहरा जुळत होता, जागा जुळत होती. तुलनात्मक अभ्यासात ‘साम्यावरून उगम’ हा न्याय जसा मोहक ठरतो, तसाच इथेही ठरला. दोन संहितांमध्ये तीन-चार कल्पना सारख्या दिसल्या की एक दुसरीवरून घेतली असे म्हणण्याची घाई आपल्याही क्षेत्रात कमी झालेली नाही. पाउल झुडेक याने १८९३ मध्ये ग्राविट्झला विरोध करून या गाठी मूत्रपिंडाच्याच असल्याचे सांगितले. पण त्याच दशकात ‘मूत्रपिंडाच्या वरचे’ या अर्थाच्या ग्रीक घटकांवरून बनलेले नाव रुळू लागले आणि ते ‘हायपरनेफ्रोमा’ या रूपात पाठ्यपुस्तकांत, शस्त्रक्रियेच्या नोंदींत आणि डॉक्टरांच्या बोलण्यात घट्ट बसले. एकदा नाव मिळाले की सिद्धान्ताला वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. तो प्रत्येक उच्चाराबरोबर पुन्हा मांडला जातो.

या नावाचा निर्णायक प्रतिवाद व्हायला १९६० साल उजाडावे लागले. शार्ल ओबरलँ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या फिकट पेशी पाहिल्या. मूत्रपिंडाच्या आरंभीच्या नलिकांतील पेशींच्या कडेला असते तशी सूक्ष्म झालर त्यांना तिथे आढळली. ग्राविट्झच्या निबंधानंतर ७७ वर्षांनी रोबँ आणि वाल्डेयर यांचे वाचन पुन्हा प्रतिष्ठित झाले. तरीही ‘हायपरनेफ्रोमा’ हा शब्द त्यानंतरही बराच काळ रुग्णालयांतून ऐकू येत राहिला. चुकीचा सिद्धान्त मेल्यावरही त्याचा शब्द मागे राहतो, हे भाषेच्या अभ्यासकांना नवे नाही.

इथे आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. या कर्करोगाच्या सर्वांत मोठ्या प्रकाराला आज ‘क्लिअर सेल’, म्हणजे पारदर्शी पेशींचा कर्करोग म्हणतात. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण या प्रकारात मोडतात. पण ही पारदर्शकता पेशीची स्वतःची नाही. जिवंत पेशी मेद आणि ग्लायकोजेन यांनी गच्च भरलेली असते. काचपट्टी तयार करताना ऊतीचा तुकडा अल्कोहोल आणि झायलिनमधून नेतात, तेव्हा हा साठा विरघळून जातो आणि मागे रिकामी जागा राहते. म्हणजे ज्या कोरेपणावरून रोगाचे नाव पडले, तो कोरेपणा संहितेचा नसून प्रत करणाऱ्याच्या हातचा आहे. साधनाने काय पुसले याचे भान नसेल तर वाचक पुसलेल्या जागेलाच आशय समजतो.

२. कुळाकडून स्वभावाकडे

कुळाचा वाद चालू असतानाच दुसरा, अधिक व्यावहारिक प्रश्न पुढे आला. गाठ कुठून आली हे बाजूला राहू द्या. ती पुढे काय करील? अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये आल्बर्ट ब्रॉडर्स याने १९२० मध्ये ओठांच्या कर्करोगाच्या ५३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि गाठींची चार श्रेणींत विभागणी केली. निकष साधा होता: गाठीतील किती पेशी अजून आपल्या मूळ ऊतीसारख्या दिसतात आणि किती पेशींनी ते साम्य टाकले आहे. जितके साम्य कमी, तितकी श्रेणी वरची आणि रोग तितका घातक. १९३२ मध्ये हँड आणि ब्रॉडर्स यांनी हीच चौकट मूत्रपिंडाच्या कर्करोगाला लावली.

या ठिकाणी एक शाब्दिक घोटाळा दूर करणे अगत्याचे आहे. आपल्याकडे तपासणीचा अहवाल हाती आलेले कुटुंब ‘ग्रेड’ आणि ‘स्टेज’ या शब्दांत हमखास गोंधळते. स्टेज म्हणजे पायरी: रोग कुठवर पोहोचला. ग्रेड म्हणजे श्रेणी किंवा प्रतवारी: तो मुळात किती उग्र आहे. पहिल्या पायरीवरचा रोग तिसऱ्या श्रेणीचा असू शकतो. त्यात ‘प्रथम श्रेणी’ म्हणजे गुणवत्तेची परिसीमा अशी सवय लागलेल्या आपल्या मनाला ‘चौथी श्रेणी’ म्हणजे नुसती सामान्य असे वाटण्याचा धोका असतो. इथे क्रम उलटा आहे. पहिली श्रेणी सौम्य, चौथी सर्वांत उग्र.

मूत्रपिंडापुरती ही प्रतवारी जगभर रूढ झाली ती १९८२ च्या एका निबंधाने. अमेरिकेतील सुसान फुरमन, लास्की आणि लिमास यांनी १०३ रुग्णांच्या गाठी तपासल्या आणि केवळ पेशीच्या केंद्रकावर लक्ष एकवटले. केंद्रक किती मोठे, त्याची कडा किती वेडीवाकडी आणि त्याच्या आत दिसणारा ठिपका, म्हणजे केंद्रकी, किती ठळक या तीन गोष्टींवरून चार श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीत केंद्रक सुमारे १० मायक्रॉनचे, गोल आणि शांत. दुसरीत सुमारे १५ मायक्रॉनचे. तिसरीत सुमारे २० मायक्रॉनचे आणि केंद्रकी कमी भिंगातूनही दिसणारी. चौथीत केंद्रके विचित्र, खंडित, राक्षसी. या श्रेणींचा रुग्णाच्या पुढील आयुष्याशी संबंध लागत होता. कुळाच्या बाबतीत पाऊण शतक दिशाभूल करणारा डोळा स्वभावाच्या बाबतीत मात्र विश्वासार्ह ठरू लागला.

तरी अडचणी होत्याच. तीन निकष एकाच वेळी लावायचे, आणि ते आपसात जुळले नाहीत तर? केंद्रक लहान पण केंद्रकी ठळक, अशा पेशीला कोणत्या रकान्यात टाकायचे? परिणामी एकच काचपट्टी दोन तज्ज्ञांनी पाहिली तर श्रेणीत फरक पडे. चार श्रेणींऐवजी दोनच ढोबळ गट केले तर एकमत वाढते, असेही अभ्यासांत दिसून आले. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. एकाच उत्तराला एक परीक्षक ५४ गुण देतो, दुसरा ६१; ‘उत्तीर्ण की अनुत्तीर्ण’ एवढेच विचारले तर दोघे सहमत होतात.

श्रेणींची संख्या किती असावी हा वाद आपल्या काव्यशास्त्रालाही परिचित आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याच्या तीन प्रती मानल्या: व्यंग्यार्थ प्रधान असेल ते उत्तम, तो गौण असेल ते मध्यम, आणि केवळ शब्दार्थांची चमत्कृती असेल ते अधम. सतराव्या शतकात पंडितराज जगन्नाथाने ‘रसगंगाधरा’त तिच्या जागी चार प्रती केल्या. अर्थाची चमत्कृती आणि निव्वळ शब्दांची चमत्कृती यांना एकाच पंक्तीला बसवणे त्याला मान्य नव्हते. संख्या बदलली, तरी दोघांच्या प्रतवारीमागे एक समान गृहीत होते: दृश्य रूप आणि आत दडलेला अर्थ यांच्या नात्यावरून कस ठरतो. विकृतितज्ज्ञही याच गृहीतावर काम करतो. केंद्रकाचे रूप हे वाच्य. गाठीचा भावी आचार हे व्यंग्य.

२०१२ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे मूत्रविकार-विकृतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सहमती परिषद घेतली आणि नियम सोपा केला. न्यूझीलंडचे ब्रेट डेलाहंट आणि इतरांनी फुरमनच्या तिहेरी निकषावर केलेली टीका त्यामागे होती. पहिल्या तीन श्रेणी आता फक्त केंद्रकीच्या ठळकपणावरून ठरतात: ४०० पट भिंगातूनही ती जेमतेम दिसते, की त्या भिंगातून स्पष्ट दिसते, की १०० पट भिंगातूनच डोळ्यांत भरते. चौथ्या श्रेणीसाठी पेशींची टोकाची विरूपता लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणाने हीच पद्धत स्वीकारली. परीक्षक तेच राहिले. प्रश्नपत्रिका नेमकी झाली.

३. प्रथिनाची साक्ष

डोळ्याच्या या मर्यादांमुळेच दुसऱ्या साक्षीदाराचा शोध सुरू झाला. रूप नको, द्रव्य पाहू. पेशी कशी दिसते हे नको, ती कोणती प्रथिने घडवते ते पाहू, ही त्यामागची भूमिका होती. तिची परंपरा जुनी आहे. १८४५ मध्ये लंडनमधील एका रुग्णाचे मूत्र हेन्री बेन्स जोन्स या वैद्य-रसायनज्ञाकडे तपासणीसाठी आले. त्यातील एक पदार्थ ऊब दिली की साकळे आणि उकळले की पुन्हा विरघळे. १८४७ मध्ये बेन्स जोन्सने ते प्रथिन वर्णिले. अस्थिमज्जेच्या कर्करोगाची ती खूण होती, आणि अर्बुदाची पहिली प्रथिन-खूण म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. यातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. मज्जेच्या कर्करोगाची खूण मूत्रात सापडली. पण मूत्र घडवणे हेच ज्याचे काम, त्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी अशी सर्वमान्य खूण मूत्रात वा रक्तात आजही नित्याच्या वापरात नाही.

काचपट्टीवर मात्र प्रथिनांनी लवकर प्रवेश केला. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड तयार करण्याची रीत शोधली. असा प्रतिपिंड रंजकाला जोडून काचपट्टीवर सोडला, की ज्या पेशीत ते प्रथिन असेल तीच रंगते. १९८३ मध्ये जर्मनीतील कील येथे सापडलेला ‘की-६७’ हा प्रतिपिंड विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशी दाखवतो. शहराच्या नावातील आद्याक्षरे आणि प्रयोगाच्या पट्टीतील ६७ वा खळगा यांवरून हे नाव पडले. १९८६ मध्ये हॉलंडमधील ऑस्टरवाइक आणि सहकाऱ्यांनी ‘जी-२५०’ हा प्रतिपिंड वर्णिला. तो मूत्रपिंडाच्या कर्करोगपेशींना चिकटे, निरोगी मूत्रपिंडाला नाही. तो नेमका कशाला चिकटतो हे मात्र काही वर्षे अज्ञात होते. १९९२ मध्ये ब्रातिस्लाव्हातील पास्तोरेकोव्हा आणि सहकाऱ्यांनी अगदी वेगळ्या वाटेने ‘एमएन’ नावाचे एक प्रथिन शोधले. दोन्ही नावे एकाच प्रथिनाची आहेत, हे शतकाच्या अखेरीस उमगले. आज त्याला कार्बॉनिक अनहायड्रेज-नऊ म्हणतात. ग्राविट्झच्या वेळी एका नावाने दोन ऊती एक मानल्या गेल्या होत्या. इथे एकाच वस्तूला दोन नावे मिळाली होती.

हे प्रथिन कर्करोगपेशीत का असते, याचे उत्तर दुसऱ्याच दिशेने आले. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑयगेन फॉन हिपेल याने १९०४ मध्ये डोळ्याच्या पडद्यावरील आनुवंशिक गाठी वर्णिल्या होत्या. स्वीडनच्या आर्विड लिंडाऊ याने १९२६ मध्ये मेंदूतील गाठींशी त्यांचा संबंध जोडला. अशा घराण्यांत मूत्रपिंडाचा कर्करोगही आढळे. १९९३ मध्ये त्या विकाराचे जनुक तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर सापडले आणि दोघांच्या नावावरून त्याला ‘व्हीएचएल’ म्हणतात. हेच जनुक आनुवंशिक नसलेल्या बहुतेक पारदर्शी-पेशी कर्करोगांतही बिघडलेले असते.

त्याचे काम असे: पेशीत ‘हिफ’ नावाचे एक प्रथिन असते, ते ऑक्सिजनच्या दुष्काळात उपयोगी पडते. ऑक्सिजन मुबलक असेल तेव्हा व्हीएचएलचे प्रथिन हिफला पकडून नष्ट करवते. व्हीएचएल गेले की हिफ साचत राहते, आणि भरल्या घरात दुष्काळाची दवंडी पिटली जाते. नव्या रक्तवाहिन्या बोलावल्या जातात, मेदाचा साठा होतो आणि दुष्काळी कामांपैकीच एक असलेले कार्बॉनिक अनहायड्रेज-नऊ घडू लागते. ऑक्सिजनची ही जाण उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. ग्राविट्झला दिसलेला पिवळा रंग आणि काचपट्टीवरचा कोरेपणा यांमागचे कारण शेवटी इथे सापडले. त्या मेदाच्या थेंबांवर आवरण घालणारे पेरिलिपिन-दोन हे प्रथिन तर २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांना रुग्णांच्या मूत्रातही वाढलेले आढळले, आणि गाठ काढल्यावर ते खाली आले.

अशा रीतीने कुळाचा प्रश्न प्रथिनाने निकालात काढला. आता त्याला दुसरा प्रश्न विचारण्यात आला.

४. २००३ ते २००७

२००३ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने मोठा दावा केला. कार्बॉनिक अनहायड्रेज-नऊ ज्या गाठींत कमी रंगते, त्या रुग्णांचे आयुष्य कमी. रोग पसरलेल्या रुग्णांत तर ही खूण स्वतंत्रपणे भविष्य सांगते. येथे ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द कळीचा आहे. एखादी खूण वाईट परिणामाबरोबर आढळते, एवढ्याने भागत नाही. आधीपासून माहीत असलेल्या खुणांपेक्षा, म्हणजे पायरी, आकार आणि श्रेणी यांपेक्षा, ती काही अधिक सांगते का, हे पाहावे लागते. हा दावा टिकता तर डोळ्याच्या प्रतवारीवरचे अवलंबन निदान कमी झाले असते.

२००७ मध्ये मेयो क्लिनिकच्या गटाने ७३० रुग्णांवर हीच कसोटी लावली. कमी रंगणाऱ्या गाठींचे रुग्ण लवकर दगावतात, हे त्यांनाही दिसले. पण केंद्रकाची श्रेणी आणि गाठीतील मृत ऊती या दोन गोष्टी हिशेबात घेताच प्रथिनाचे भाकीत विरून गेले. निष्कर्ष निबंधाच्या शीर्षकातच होता: ही खूण स्वतंत्र नाही. प्रथिन खोटे बोलत नव्हते. डोळ्याने केंद्रक पाहून जे आधीच सांगितले होते, त्याचीच ते पुनरुक्ती करत होते. ज्या संस्थेत १९२० मध्ये ब्रॉडर्सने डोळ्याची प्रतवारी सुरू केली, तिथेच ८७ वर्षांनी हा निकाल लागावा, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला सुखावणारा आहे.

असे का व्हावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे उत्तर प्रश्नांच्या स्वरूपात आहे. कार्बॉनिक अनहायड्रेज-नऊ ही कथेच्या पहिल्या प्रकरणाची खूण आहे; व्हीएचएल गेल्याची ती वर्दी देते. पण ते तर जवळजवळ प्रत्येक पारदर्शी-पेशी गाठीत घडलेले असते. ज्या गोष्टीत सर्व सारखे आहेत, ती गोष्ट त्यांच्यातला फरक कसा सांगणार? केंद्रकाचे रूप मात्र त्यानंतरच्या सर्व प्रकरणांचा साचलेला परिणाम असतो. लेखक कोणत्या संप्रदायातला हे कळल्याने त्याच्या कवितेचा कस कळत नाही. त्यासाठी कविताच वाचावी लागते.

५. अभावाचे वाचन

याचा अर्थ प्रथिने हरली असा नव्हे. त्यानंतरच्या काळात त्यांच्याकडे पाहण्याची रीत बदलली, आणि ती आम्हांला अधिक उद्बोधक वाटते.

पहिली गोष्ट, प्रथिन आहे की नाही एवढेच न पाहता ते पेशीत कुठे आहे हे पाहिले जाऊ लागले. नेहमीच्या पारदर्शी-पेशी कर्करोगात कार्बॉनिक अनहायड्रेज-नऊ पेशीच्या चारही बाजूंना रंगते, बंद डब्यासारखे. तशाच फिकट पेशींच्या दुसऱ्या एका गाठीत ते तळाला आणि बाजूंना रंगते, वरची बाजू मोकळी राहते, वाटीसारखी. ही दुसरी गाठ इतकी निरुपद्रवी असते, की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणाने तिच्या नावातून ‘कार्सिनोमा’ हा शब्द काढून नुसते ‘ट्यूमर’ ठेवले. डबा की वाटी, हे ठरवणाराही शेवटी डोळाच असतो. प्रथिन आल्याने वाचन संपले नाही. वाचायला आणखी एक संहिता मिळाली.

दुसरी गोष्ट, प्रथिनाच्या अभावाला अर्थ आला. २०१२ मध्ये डॅलस येथील गटाने दाखवले, की काही पारदर्शी-पेशी गाठींत ‘बॅप-१’ हे प्रथिन नाहीसे होते आणि अशा गाठी प्रामुख्याने वरच्या श्रेणीच्या असतात. याचे जनुक व्हीएचएलच्याच शेजारी, तिसऱ्या गुणसूत्राच्या त्याच बाहूवर आहे. इथे प्रथमच असे प्रथिन हाती आले, जे श्रेणीची केवळ पुनरुक्ती न करता तिच्यामागचे कारण सुचवते. २०२२ च्या वर्गीकरणात तर काही गाठींची नावेच विशिष्ट द्रव्याच्या अभावावरून आहेत. अशा काही गाठींच्या मुळाशी आनुवंशिक दोष असतो. मग काचपट्टीवर न उमटलेला रंग रुग्णाच्या भावंडांना आणि मुलांनाही तपासणीला बोलावतो. एकेकाळी कोऱ्या जागेचा चुकीचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राने आता कोरेपणा जबाबदारीने वाचायला घेतला आहे.

तिसरी गोष्ट रक्तातल्या खुणेची. मूत्रपिंडाला इजा झाली की ‘किम-१’ हे प्रथिन वाढते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात असे दिसले, की पुढे ज्यांना हा कर्करोग झाला त्यांच्या रक्तात निदानाच्या काही वर्षे आधीच ते वाढलेले होते. हे आशादायक आहे. पण २००३ ते २००७ चा धडा ध्यानात ठेवून ‘स्वतंत्रपणे’ हा प्रश्न त्यालाही विचारावा लागेल.

या सगळ्याचे मोल कशात आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटू नये म्हणून पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध द्यावे का, याची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेत त्या उपचाराला मान्यता मिळाली. चाचणीत प्रवेशाचे नियम असे होते, की ७ सेंटिमीटरहून मोठी पण मूत्रपिंडापुरतीच मर्यादित असलेली गाठ चौथ्या श्रेणीची असेल तर रुग्ण पात्र. ती तिसऱ्या श्रेणीची असेल, आणि तिच्यात सार्कोमासारखे रूपांतर नसेल, तर अपात्र. म्हणजे वर्षभराचा महागडा उपचार, त्याचे लाभ आणि त्याचे उपद्रव हे सारे तिसरी की चौथी या एका वाचनावर येऊन ठेपते. ‘टोकाची विरूपता’ या शब्दांतले ‘टोक’ कुठे सुरू होते, हे ठरवणारे माणूसच असते. मॉडरेटरने बदललेला एखादा गुण विद्यार्थ्याचे वर्ष वाचवतो किंवा घालवतो, हे आपण पाहतो. इथे पणाला काय लागलेले असते ते वेगळे सांगायला नको.

म्हणून वाचन वस्तुनिष्ठ करण्याची धडपड आवश्यकच आहे, आणि ती वाचकाला वगळून पुरी होत नाही, हेही तितकेच खरे. ग्राविट्झची चूक डोळ्याने पाहण्यात नव्हती. दिसण्यातल्या साम्याला त्याने उगमाचा पुरावा मानले आणि पुढच्या पिढ्यांनी त्या नावालाच पुरावा मानले, इथे ती चूक होती. २००३ चा दावाही याच जातीचा होता. कुळाच्या खुणेकडून स्वभावाचे उत्तर मागितले गेले. कोणती खूण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते, हा विवेक सुटला की सूक्ष्मदर्शक काय आणि प्रतिपिंड काय, दोन्ही सारखेच फसवतात.

साहित्याच्या वर्गात चरित्र, संप्रदाय, प्रभाव यांवरून कृतीचा कस ठरवू नये, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, आणि परीक्षेत मात्र बहुधा त्यांवरच प्रश्न विचारतो. त्या विसंगतीचा विचार करताना हा शेजारच्या शास्त्राचा इतिहास उपयोगी पडावा. मूत्रपिंडाची एक काचपट्टी आजही दोनदा वाचली जाते: एकदा ती कोणाची प्रत आहे यासाठी, आणि एकदा ती कोणत्या प्रतीची आहे यासाठी. अहवालावर ही दोन उत्तरे वेगवेगळ्या ओळींत लिहिलेली असतात. त्या दोन ओळी वेगळ्या व्हायला पुष्कळ काळ आणि पुष्कळ रुग्ण खर्ची पडले आहेत.